‘तेव्हा नियमच नव्हता’ म्हणणाऱ्यांसाठी

बॅरी बाँड्सचं वकीलपत्र घेतलेली मंडळी बहुधा हुशार असतात. आकडे त्यांना तोंडपाठ असतात. कारकिर्दीत ७६२ होमरन, एकट्या २००१च्या मोसमात ७३, आणि २००१ ते २००४ अशी लागोपाठ चार वर्षं नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू. होमरनचे हे दोन्ही विक्रम आजही त्याच्याच नावावर आहेत. तरीही न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या लहानशा गावी, बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, त्याची ब्राँझची पाटी लागलेली नाही. क्रीडावार्ताहरांच्या मतदानात तो दहा वर्षं उभा होता. २०२२च्या शेवटच्या खेपेला ६६ टक्के मतं पडली, लागतात ७५. स्टेरॉइडच्या संशयाखाली असलेला पिचर रॉजर क्लेमन्सही ६५ टक्क्यांवर अडकला.

वकिलांचं म्हणणं साधारण असं असतं. घेतली असतील स्टेरॉइडं, पण तेव्हा बेसबॉलमध्ये त्याविरुद्ध नियमच नव्हता. सगळेच घेत होते. औषधाने दंड फुगतात, चेंडू बॅटवर घेण्याची नजर काही येत नाही. मालकांनी त्याच होमरनवर गल्ले भरले. मग अप्रामाणिकपणाचं खापर खेळाडूंच्याच डोक्यावर का? हे सगळं इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे सांगितलं गेलं आहे, की आता तरुण वाचकांना तोच इतिहास वाटू लागला आहे. त्यातला शेवटचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. बाकीचे तपासायला घेतले की टिकत नाहीत.

आधी नियमाचं बघू. अमेरिकन काँग्रेसने १९९० मध्ये कायदा करून अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडं नियंत्रित द्रव्यांच्या यादीत घातली. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती बाळगणं तेव्हापासून गुन्हा आहे. पुढच्याच वर्षी, जून १९९१ मध्ये, तेव्हाचे कमिशनर फे व्हिन्सेंट यांनी सर्व संघांना पत्र पाठवून कळवलं की बेकायदा द्रव्यांवर बेसबॉलमध्ये बंदी आहे आणि त्यात स्टेरॉइडंही आली. पुढे त्यांच्या जागी आलेल्या बड सेलिग यांनी १९९७ मध्ये हेच पुन्हा कळवलं. चाचणी मात्र नव्हती, कारण चाचणीला खेळाडूंच्या युनियनची संमती लागते आणि ती संमती युनियन देत नव्हती. म्हणजे नियम होता, तपासनीस नव्हता. लोकलमध्ये महिनाभर टीसी फिरकला नाही म्हणून विनातिकीट प्रवास कायदेशीर होत नाही, एवढं मुंबईच्या कोणत्याही प्रवाशाला कळतं.

पण कायद्याचा कीस काढण्यात मला फारसा रस नाही. नियम असला काय नि नसला काय, आपण करतोय ते चुकीचं आहे हे करणाऱ्याला कळत होतं की नाही, हा खरा प्रश्न. आणि त्याचं उत्तर एका बाटलीपाशी सापडतं.

ऑगस्ट १९९८. सेंट लुइस कार्डिनल्सचा मार्क मॅग्वायर रॉजर मॅरिसच्या ६१ होमरनच्या विक्रमामागे लागलेला, शिकागो कब्जचा सॅमी सोसा त्याच्या बरोबरीने धावतोय आणि सगळा देश रोज सकाळी आकडे बघतोय. मॅग्वायरच्या लॉकरभोवती वार्ताहरांचा नेहमीचा गराडा पडला होता. असोसिएटेड प्रेसच्या स्टीव्ह विल्स्टीनची नजर लॉकरच्या वरच्या फळीकडे गेली. तिथे पॉपायचं चित्र असलेला पालकाचा डबा, बिनसाखरेच्या च्युइंगगमची पाकिटं आणि शेजारी एक तपकिरी बाटली होती. तिच्यावरचं नाव त्याने टिपून घेतलं: अँड्रोस्टेनडायोन. शरीरात गेल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढवणारं हे द्रव्य ऑलिंपिकमध्ये आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये निषिद्ध होतं. बेसबॉलमध्ये नव्हतं आणि दुकानात ते सरळ विकत मिळत होतं. विचारल्यावर मॅग्वायरने घेत असल्याचं मान्यही केलं.

बाँड्सचे वकील ही बाटली पुरावा म्हणून दाखवतात: बघा, सगळं उघड्यावर होतं! माझ्या मते ती नेमका उलटा पुरावा आहे. जानेवारी २०१० मध्ये मॅग्वायरने शेवटी कबूल केलं, की १९९८च्या त्या मोसमासकट कित्येक वर्षं तो स्टेरॉइडं घेत होता, गोळ्यांनी आणि इंजेक्शनांनी. मग ती इंजेक्शनं त्या फळीवर का नव्हती? जे चालतं असं त्याला वाटत होतं ते पालकाच्या डब्याशेजारी चारचौघांत ठेवलेलं होतं. जे चालत नाही हे ठाऊक होतं ते कुणाच्या दृष्टीस पडलं नाही. नियम नव्हता म्हणणाऱ्यांनी एवढं सांगावं, की नसलेल्या नियमाला हे सगळे एवढे कशाला भीत होते.

बाँड्सचं प्रकरण तर आणखी मजेशीर. कॅलिफोर्नियात बर्लिंगेमला बाल्को नावाची प्रयोगशाळा होती. सप्टेंबर २००३ मध्ये तिच्यावर सरकारी धाड पडली. तिथून खेळाडूंकडे जाणाऱ्या मालात एक द्रव होता आणि एक मलम. द्रवातलं स्टेरॉइड मुद्दाम असं बनवलेलं होतं, की तेव्हाच्या कुठल्याही चाचणीत सापडू नये. २००३ पर्यंत चाचणीच नसलेल्या खेळासाठी ही केवढी खबरदारी! (खरं गिऱ्हाईक ऑलिंपिकचे धावपटू होते हे मान्य. बेसबॉलवाल्यांना ते आयतं मिळालं.) ग्रँड ज्युरीपुढे बाँड्सने आपला ट्रेनर ग्रेग अँडरसन याच्याकडून असे पदार्थ घेतल्याचं सांगितलं, मात्र आपल्याला ते जवसाचं तेल आणि सांधेदुखीवरचं मलम वाटलं, असं त्याचं म्हणणं. जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्या आपल्या गावांतून एव्हाना किती होमरन-सम्राट निघायला हवे होते! २०११ मध्ये न्यायात अडथळा आणल्याच्या एका आरोपावर तो दोषी ठरला आणि २०१५ मध्ये अपिलात तेही रद्द झालं. कायद्याने तो निर्दोष आहे आणि तसंच म्हटलं पाहिजे. पण फौजदारी शिक्षेला लागणारा पुरावा आणि सन्मानाची पाटी लावायला लागणारा विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता ‘सगळेच घेत होते’. या वाक्याने मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण त्याने प्रामाणिक माणसं एका फटक्यात नाहीशी होतात.

सगळे घेत नव्हते. डिसेंबर १९९८ मध्ये, मॅग्वायरच्या ७० होमरनचं कौतुक अजून ओसरलं नव्हतं तेव्हा, टेक्सस रेंजर्सचा पिचर रिक हेलिंग युनियनच्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत उभा राहिला. स्टेरॉइडं फोफावली आहेत, न घेणाऱ्यालाही आता घ्यावीच लागतील असं वाटू लागलंय, काहीतरी करा, असं त्याने सांगितलं. पुढेही तो सांगत राहिला. कुणी मनावर घेतलं नाही. २००२ मध्ये यूएसए टुडेने खेळाडूंनाच विचारलं, तेव्हा दहातले जवळपास आठ जण स्वतंत्र चाचणीला तयार होते. २००३ मध्ये पहिल्यांदा नावं गुप्त ठेवून, शिक्षेविना चाचणी झाली. पाच टक्क्यांहून जास्त नमुने दोषी निघाले तरच पुढच्या वर्षापासून खरी चाचणी, अशी अट होती. तेव्हा शिकागो व्हाइट सॉक्सच्या काही खेळाडूंनी चाचणीच नाकारायचं मनावर घेतलं होतं. नकार म्हणजे दोषी धरलं जाणार होतं, म्हणजे टक्का वाढला असता आणि चाचणी कायमची आली असती. शेवटी त्यांनी ती दिली. दोषी नमुने निघाले पाच ते सात टक्के. चाचणी होणार हे आधीपासून ठाऊक असतानाचा हा आकडा आहे, तेव्हा खरा याहून मोठा असणारच. पण पाच-सातचे पंधरा करा, तीस करा, ‘सगळे’ होत नाहीत.

आणि जे घेत नव्हते त्यांचं काय झालं? २०१२ मध्ये टॉम व्हर्डूचीने स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडमध्ये चार पिचरांची गोष्ट लिहिली. १९९४ मध्ये हे चौघं फ्लॉरिडातल्या फोर्ट मायर्सच्या संघात होते. मिनेसोटा ट्विन्सचा हा खालच्या पातळीवरचा, मायनर लीगचा संघ. चौघंही उजव्या हाताने टाकणारे, चौघांचंही स्वप्न एकच. मायनर लीगमध्ये पगार जेमतेम पोटापुरता, रात्रभर बसचा प्रवास, आणि वर एकच दार: मेजर लीग, जिथे १९९९ मध्ये सगळ्यात कमी पगारसुद्धा दोन लाख डॉलर होता. चौघांतला एकच त्या दारातून आत गेला. डॅन नॉल्टी. स्टेरॉइडं घेणाराही तोच एकटा. किडकिडीत, उंच पोरगा पाहता पाहता धिप्पाड झाला, चेंडूचा वेग चढला. तीन मोसम ट्विन्सकडे, मग १९९९ मध्ये यांकीजकडे, आणि त्याच वर्षी यांकीजने वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढे नॉल्टी धर्मोपदेशक झाला. बेसबॉलमधल्या स्टेरॉइडांची चौकशी करणाऱ्या जॉर्ज मिचेल यांच्यापुढे स्वतःहून सगळं सांगितलं आणि ज्यांची जागा आपण खाल्ली त्यांच्याबद्दलची खंत उघड बोलून दाखवली.

बाकीचे तिघं मेजर लीगमध्ये एकही सामना खेळले नाहीत. त्यांची नावं इथे देत नाही; दिली असती तरी वाचकाला त्यातून काही कळलं नसतं, आणि नुकसान झालं ते हेच. या तिघांना वर्षानुवर्षं वाटत राहिलं असणार, की आपल्यातच काहीतरी कमी होतं. स्टेरॉइडची फसवणूक विक्रमांच्या वहीशी झाली, प्रेक्षकांशी झाली, असं आपण म्हणतो. प्रेक्षकांचं काय गेलं? तिकिटाचे पैसे वसूल झाले. फसवला गेला तो शेजारच्या लॉकरमधला माणूस. आपण सरळ हरलो असं तो समजत होता.

‘शरीर ज्याचं त्याचं, तो बघून घेईल’ हा उदारमतवादी सूर इथेच फसतो. केन कॅमिनिटी या खेळाडूने २००२ मध्ये व्हर्डूचीलाच सांगितलं होतं, की १९९६चा सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याने स्टेरॉइडच्या जोरावर मिळवला. घेणाऱ्याने घेतलं की न घेणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: आपणही सुई टोचून घ्यायची, नाहीतर घरी जायचं. यात स्वातंत्र्य वाढलं ते कुणाचं?

औषधाने चेंडू लागत नाही, हे खरंच आहे. ताशी दीडशे किलोमीटरने येणाऱ्या गोल चेंडूवर गोल बॅट आणायला लागते ती नजर आणि ते मनगट बाटलीत मिळत नाहीत. बाँड्सकडे ते जन्मजात होतं, आणि त्याच्याइतका पुरा खेळाडू त्या काळात क्वचितच झाला. पण प्रश्न चेंडू लागण्याचा नाही, लागल्यावर तो कुठे पडतो त्याचा आहे. टफ्ट्स विद्यापीठातल्या रॉजर टोबिन या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं: स्नायूंचं वजन दहा टक्के वाढलं तर बॅटवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग चारएक टक्क्यांनी वाढतो, आणि अव्वल फलंदाजाचे होमरन तेवढ्यानेच निम्म्याहून जास्त वाढू शकतात. कुंपणापाशी झेलला जाणारा चेंडू कुंपणापलीकडे पडतो, एवढाच फरक. शिवाय १६२ सामन्यांचा मोसम सहा महिन्यांत संपवायचा असतो. थकलेलं शरीर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं करणं हा स्टेरॉइडचा दुसरा, कमी दिसणारा फायदा. बाँड्सचा २००१च्या आधीचा सर्वांत मोठा आकडा ४९ होता. ७३ होमरन मारले त्या उन्हाळ्यात तो ३७ वर्षांचा झाला. त्या वयात बाकीचे खेळाडू गुडघ्याला बर्फ लावून बसतात.

‘पूर्वीचे काय धुतल्या तांदळाचे होते?’ हा प्रश्न येतोच. नव्हते. ‘ग्रीनीज’ म्हणजे अ‍ॅम्फेटामिनच्या गोळ्या, त्या कित्येक दशकं ड्रेसिंग रूममध्ये फिरत होत्या. जिम बाउटनने १९७० मध्ये पुस्तकात लिहून सगळ्यांचा राग ओढवून घेतला. त्यांची चाचणी सुरू व्हायला २००६ साल उजाडलं. गेलॉर्ड पेरी चेंडूला थुंकी आणि चिकट पदार्थ लावायचा, त्यावर त्याने स्वतः पुस्तक लिहिलं, आणि १९९१ पासून तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. पण पेरीची लबाडी मैदानात, अंपायरच्या आणि समोरच्या बॅटरच्या डोळ्यांदेखत चालायची; तक्रार करायची, चेंडू मागून घ्यायची सोय होती. ग्रीनीजचं समर्थन मला करायचंच नाही. जुन्या पापाचा दाखला देऊन नवं पाप माफ होत असेल, तर सुधारणा कधी आणि कुणापासून सुरू करायची?

आता खऱ्या मुद्द्याकडे: मालक, कमिशनर, युनियन. इथे बाँड्सचे वकील बरोबर आहेत, आणि मी त्यांच्यापेक्षाही दोन शब्द जास्त बोलायला तयार आहे. खेळाडूंच्या १९९४च्या संपात वर्ल्ड सिरीजसुद्धा रद्द झाली. चिडलेला प्रेक्षक परत आणला तो १९९८च्या होमरनच्या शर्यतीने. तेव्हा विल्स्टीनने बाटलीची बातमी दिली, तर कार्डिनल्सचे व्यवस्थापक टोनी ला रूसा त्याच्याच संस्थेला ड्रेसिंग रूमबाहेर ठेवायची भाषा करू लागले. ला रूसा २०१४ पासून हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मिल्वॉकी ब्रुअर्सचे मालक राहिलेले सेलिग १९९२ पासून कमिशनरची खुर्ची सांभाळत होते, म्हणजे सगळा स्टेरॉइडचा काळ त्यांच्या डोळ्यांसमोर गेला. त्यांना २०१६च्या निवडीत १६ पैकी १५ मतं मिळाली आणि २०१७ मध्ये पाटी लागली. जॉर्ज मिचेल यांच्या २००७च्या अहवालात ८९ खेळाडूंची नावं होती. जबाबदारी कमिशनरांपासून युनियनपर्यंत सगळ्यांची आहे असंही त्यात लिहिलं होतं. पण गाजली ती नावं. दोष वाटला गेला, शिक्षा वाटली गेली नाही.

याचा निष्कर्ष काय? वकील म्हणतात: सेलिग आत, तर बाँड्सही आत. मी म्हणतो: सेलिग आत जायला नको होते. राखणदाराने डोळेझाक केली म्हणून चोरी ही चोरी राहत नाही का? दोघांनाही जाब विचारायचा असतो. स्वतःच्या कमाईच्या खेळाडूंची चाचणी संघटनेने स्वतः घ्यायची ही व्यवस्थाच मुळात नासकी. हे आपल्याला परकं नाही. २०१९ मध्ये मुंबईच्या पृथ्वी शॉच्या नमुन्यात टर्ब्युटालीन सापडलं. खोकल्याच्या औषधातून ते गेल्याचा खुलासा बीसीसीआयने मान्य केला आणि आठ महिन्यांची बंदी मागच्या तारखेपासून घातली, म्हणजे निकाल जाहीर झाला तेव्हा निम्म्याहून जास्त बंदी भोगून झालेली होती. शॉची आणि बाँड्सची गोष्ट एक नाही, ती एका तागडीत घालूही नये. पण चाचणी घेणारं, खुलासा ऐकणारं आणि शिक्षा ठरवणारं मंडळ तेच, ज्याचं दुकान त्या खेळाडूवर चालतं, हा प्रकार दोन्हीकडे सारखा. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने कान धरल्यावर बीसीसीआय नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, कक्षेत आली.

खोट्याची किंमत कोण मोजतो, याचं एक उदाहरण वकिलांच्या कैफियतीत कधी येत नाही. बेसबॉलपटू राफाएल पाल्मेरोने मार्च २००५ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे बोट रोखून सांगितलं, की आपण स्टेरॉइड कधीच घेतलेलं नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो स्टॅनोझोलोल या स्टेरॉइडसाठी निलंबित झाला.  मिल्वॉकीचा रायन ब्रॉन याच्याही पुढे गेला. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचा नमुना दोषी निघाला. शनिवारी संध्याकाळी नमुना घेणाऱ्या कर्मचाऱ्याला तो लगेच रवाना करणारं कुरियरचं कार्यालय मिळालं नाही, म्हणून त्याने सीलबंद नमुना सोमवारपर्यंत घरी ठेवला. या त्रुटीवर बोट ठेवून ब्रॉन सुटला. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्याने पत्रकार परिषद घेऊन नमुन्यात काही काळंबेरं झालं असावं अशी शंका पसरवली. ज्याचं काम फक्त बाटल्या गोळा करून पाठवायचं, त्या माणसावर देशभर संशयाची बोटं उठली. पुढे फ्लॉरिडातल्या बायोजेनेसिस दवाखान्याची कागदपत्रं बाहेर आल्यावर जुलै २०१३ मध्ये ब्रॉनने ६५ सामन्यांची शिक्षा निमूट स्वीकारली आणि महिन्याभराने त्या कर्मचाऱ्याची माफी मागितली. याला कोणता नियम नव्हता म्हणायचं?

शेवटचं हत्यार असतं इतिहासाचं. बाँड्सला बाहेर ठेवलं तर इतिहास पुसला जाईल म्हणे. कुणी पुसला? ७६२ हा आकडा कोणत्याही नोंदवहीतून कुणी खोडलेला नाही. हँक अ‍ॅरनचा होमरनचा विक्रम मोडणारा ७५६वा चेंडू मार्क एको या फॅशन उद्योजकाने साडेसात लाख डॉलरला घेतला, त्यावर लोकांचं मत मागवलं, आणि शंका दाखवणारं तारकाचिन्ह कोरून कूपर्सटाउनच्या संग्रहालयाला दिला. म्हणजे बाँड्सचा चेंडू तिथे पोचला, चिन्हासकट. पाटीचं तसं नाही; ती नोंद नाही, मान आहे, आणि निवडीच्या निकषांतच सचोटी हा शब्द लिहिलेला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये, वार्ताहरांच्या मतदानातून बाहेर पडलेल्यांचा पुन्हा विचार करणाऱ्या १६ जणांच्या समितीने बाँड्सला चारहून कमी मतं दिली आणि त्याच बैठकीत फ्रेड मॅकग्रिफला सोळाच्या सोळा. मॅकग्रिफ ४९३ होमरनवर थांबला, आणि त्याच्या नावाला कधी औषधाचा वास आला नाही. पण इतरांच्या फुगलेल्या आकड्यांपुढे ते ४९३ किरकोळ दिसू लागले आणि वार्ताहरांनी दहा वर्षं त्याला चाळीस टक्क्यांच्या वर जाऊ दिलं नाही. बाँड्सवर झालेल्या अन्यायाबद्दल लेखांमागून लेख येतात. मॅकग्रिफने कूपर्सटाउनच्या दारात काढलेल्या त्या वर्षांबद्दल या वकिलांपैकी एकानेही कधी ब्र काढलेला माझ्या वाचनात नाही.